बिनकुत्र्याची सायकल

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि आमच्या घरातून मुलींना तेवढ्या लांब पाठवत नसत. गुरुजी म्हणायचे, तुझ्या वेलांट्या बघाव्या तेव्हा उलट्या. अजून तशाच पडतात. हे मी कोणाला दाखवणार नाही, पण चुकून कोणाच्या हाती पडलंच तर वेलांट्यांना हसू नये.

बोलणं मला जमत नाही. घरी दोन पाहुणे आले तरी माझा आवाज घशातच राहतो. दारामागे उभी राहून सगळं ऐकते. जे बोलायचं राहिलं ते लिहून बघते आहे.

आमचं सायकलचं दुकान पौडच्या बाहेर, कोळवणकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे पत्र्याची शेड, मागे आमच्या दोन खोल्या. सासऱ्यांनी सुरू केलेलं, मग माझ्या नवऱ्याकडे आलं. यांना सगळा गाव चाचा म्हणतो, आमच्या मोहल्ल्यातले आणि बाकीचेही. शेडपासून रस्ता खाली उतरतो आणि पायथ्याला मोरीपाशी एकदम वळतो.

लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात हे बाहेरून ओरडले, "अगं, ह्याची दोन्ही कुत्री मेली, डबीतली काढून दे!" मी घाबरून दाराला कडी घातली. शेडमधली माणसं हसून लोळायची बाकी राहिली. मग यांनी आत येऊन दाखवलं. मागच्या चाकाला जी दातेरी चकती असते ती फ्रीव्हील. तिच्या पोटात नखाएवढे दोन लोखंडी तुकडे असतात, त्यांना सायकलवाले कुत्री म्हणतात. पेडल पुढे मारलं की कुत्री दाते धरतात आणि चाक ओढतात. पाय थांबवले की ती दाते सोडून देतात, नुसती किरकिरतात, आणि चाक आपलं आपण फिरत राहतं. उतारावर पाय न हलवता सायकल जाते ती या कुत्र्यांमुळे.

तो किर्र आवाज माझ्या इतका अंगवळणी पडला की आत भाकरी थापताना मी उताराने चाललेली सायकल कोणाची ते सांगायची.

कुत्री झिजली आणि नवी फ्रीव्हील घ्यायची ऐपत नसली, तर लोक फ्रीव्हीलला वेल्डिंगचा टाका मारून घेत. तिला डेड केली असं म्हणत. मग चाक फिरेल तोवर पेडलही फिरणार, उतारावरसुद्धा पायांची सुटका नाही. माले गावाकडचा एक दूधवाला अशी डेड सायकल चालवायचा. त्याच्या पिंढऱ्या बघून यांचा जीव तुटायचा. एकदा त्याला न विचारता, स्वतःच्या पैशाने यांनी नवी फ्रीव्हील बसवली आणि काही न सांगता सायकल हातात दिली. दूधवाला उताराला लागला, पाय थांबले, सायकल चाललीच. खाली मोरीपासून तो ओरडला, "चाचा, सर्गात गेलो की वो!"

ही गोष्ट यांनी पुढे किती वर्षं सांगितली असेल. यांना आयुष्यात कोणी हार घातला नाही, कोणी शाल दिली नाही. मोरीवरून आलेली ती हाक एवढीच यांची शाबासकी.

पुढे रस्त्यावर मोटरसायकली झाल्या. शेडमध्ये दिवस दिवस पंक्चरसुद्धा येईना. रविवारी मात्र वेगळ्याच सायकली दिसायला लागल्या. हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलं-मुली, अंगाला चिकटलेले कपडे, मागच्या चाकाला चकत्यांची उतरंड. यांना त्या गिअरच्या सायकलींतलं काही येत नव्हतं. कोणी थांबलं तर हवा भरून देत, बाकी कामाला हात जोडत. "सात मजली हाय, मला जिनाच सापडत न्हाई," म्हणायचे. म्हणायचे हसत, पण त्या दिवशी यांना जेवण जात नसे.

अशात तो आला. हिंजवडीजवळ चांदे गावात खोली घेऊन राहणारा, कंपनीतला, चष्मेवाला. मागच्या चाकाचे स्पोक तुटले होते, चाक डुलत होतं, म्हणून सायकल ढकलत आला होता. ती सायकल बघून यांचा चेहरा उजळला. पुढे एकच चकती, मागे एकच. गिअर नाही, वायर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही.

"ही आपल्यातली हाय," हे म्हणाले.

बाकड्यावर नेहमी येऊन बसणारे एक म्हातारबुवा होते. ते म्हणाले, "चाचा, सायकल हाय का सांगाडा? मांस कुनी खाल्लं म्हनायचं?"

तो हसला. यांनी विचारलं, "ब्रेक कुटं हाय?"

"ब्रेक पायात आहे, चाचा."

यावर सगळेच हसले. कारण आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. ब्रेकचे रबर झिजले की माणूस चपलेचा तळ टायरवर दाबतो आणि सायकल थांबवतो. ब्रेक पायात म्हणजे तेच. एवढा शिकलेला माणूस आपल्यासारखाच चप्पल घासत येतो याचं यांना कौतुक वाटलं. दारामागे मलाही तसंच वाटलं. त्याच्या पायात बूट होते, हे मी पाहिलं होतं, पण मनात आलं नाही.

"चाकाचा आउट काढून ठेवा, पुढच्या रविवारी नेतो," असं सांगून तो जीपमध्ये बसून गेला.

यांनी नवे स्पोक घातले, डुलणारं चाक सरळ केलं. मग सायकल उलटी ठेवून चाक फिरवलं, तर चाकाबरोबर पेडलही गरगर फिरायला लागलं. मला हाक मारली.

"ऐक," म्हणाले.

मी ऐकलं. काहीच आवाज नव्हता.

"हिच्यात कुत्रीच न्हाईत. शहरातल्या मिस्त्रीनं फसवलंय पोराला, डेड करून दिलीय. वर उलट्या आट्याची रिंग आवळलीय, कुनाला सुटू नये म्हनून. आनि हे येडं ह्या चढउताराला असंच पाय मारत येतंय."

"त्यास्नी इचारा की आधी," मी म्हणाले.

"फोन नंबर कुटं घेतलाय? आनि इचारायचं काय त्यात? दूधवाल्याला इचारलं व्हतं?"

पौडच्या बाजारातून नवी फ्रीव्हील आणली. आटे अगदी जुळले. हे चाक फिरवत बसले, किर्र, किर्र, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "झाली जिवंत."

रविवारी तो आला तेव्हा यांनी फक्त स्पोकचे पैसे घेतले. फ्रीव्हीलचं बोललेच नाहीत. मला आधीच बजावलं होतं, "सांगू नको. खाली गेल्यावर त्याला कळंल." मी कशाला सांगते, मी परक्या माणसासमोर जातच नाही.

तो सायकलवर बसला, पेडलला पट्टे होते त्यांत पाय अडकवले आणि निघाला. त्याच्या त्या सायकलवर पाय कधी थांबवायचेच नसतात, हे आम्हाला नंतर कळलं. सवयीने तो उतारभर पाय मारतच गेला आणि बदललेलं त्याला काही जाणवलं नाही. हे शेडच्या टोकाला जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. हाक ऐकायला. मी दारातून बघत होते.

वळणावर खालून टेम्पो आला. त्याने पाय मागे दाबले असणार. मला इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नाही, पण मी तो आवाज ऐकला असं मला अजून वाटतं. किर्र. मागे दाबलेलं पेडल नुसतं फिरलं. मग खालून ओरडणं आलं.

यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला. हे ओरडण्याचीच वाट बघत होते ना.

मोरीच्या कठड्यावर आपटला तो. पाय पट्ट्यांत अडकलेले, खाली टेकवता आले नाहीत. गुडघा फुटला, मनगट मोडलं. जीव वाचला. टेम्पोवाल्यानेच त्याला पुण्याला दवाखान्यात नेलं, हे त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले.

ऑपरेशन झाल्यावर आम्ही दोघं बघायला गेलो. त्याची मोठी बहीण लातूरकडून आली होती. मी मऊ भाताचा डबा नेला होता. तिने डब्याकडे बघितलं नाही.

"तुम्हीच ना ते मिस्त्री? ती फिक्स सायकल होती. फिक्स! तुम्हाला कोणी सांगितलं होतं त्यात हात घालायला?"

"ताई, फ्रीव्हील नवी टाकली. पैसं बी घेतलं न्हाईत," हे म्हणाले.

"फुकट टाकली? बघा मग, तुमचं फुकटचं आम्हाला केवढ्याला पडलं."

"ताई, राहू दे ना," तो पलंगावरून म्हणाला.

"तू गप. तुझा पाय उद्या वाकणार आहे का यांच्या पुण्याईने?"

मला बोलायचं होतं. त्या दूधवाल्याचं सांगायचं होतं. फ्रीव्हील आणायला हे भर उन्हात बाजारात गेले, ते सांगायचं होतं. डबा छातीशी धरून भिंतीला टेकून राहिले. तिच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, हेही तेव्हाच मनात आलं, म्हणूनही असेल.

कंपनीच्या विम्यातून थोडा खर्च निघाला. बाकीचा बहिणीने स्वतःचे दागिने मोडून भरला होता. हे ऐकल्यावर यांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "तुमचं सोन्याचं डाग मी फेडीन." ती हो म्हणाली नाही, पण नको असंही म्हणाली नाही.

घरी आल्यावर यांनी सगळी हत्यारं पेटीत भरली. पाने, टायर काढायच्या पट्ट्या, स्पोकची चावी, आउट काढायचा लोखंडी स्टँड. पेटी खाटेखाली सरकवली आणि म्हणाले, "त्या पोरीचं फिटंस्तवर पान्याला हात लावनार न्हाई."

फिटंस्तवर. हा एक शब्द मी धरून बसले. म्हणजे फिटल्यावर लावणार. ज्या माणसाच्या हाताला आयुष्यभर ग्रीस लागलेलं पाहिलं, त्याचे हात आठवड्यात पांढरे पडले, तेव्हापासून मी दुसऱ्या कशाची वाट पाहिली नाही.

हे कोळवणच्या खोऱ्यात एका पुणेकराच्या बंगल्यावर राखणीला लागले. मीही जवळच्या दुसऱ्या बंगल्यावर शनिवार-रविवार भाकरी करायला जायला लागले. तिथे आत गॅस आहे, पण पाहुण्यांना अंगणात चूल हवी असते. ते माझे फोटो काढायचे. मी पदर पुढे ओढून धुराकडे तोंड करून बसायची. दोघांच्या मिळून आलेल्यातून पोटापुरतं ठेवून बाकी सगळं लातूरला जायचं.

आमची घरची काळी सायकल यांनी भिंतीला टेकवून ठेवली. उतार पायी उतरायचे, मोरी ओलांडायचे आणि पुढे जीप धरायचे. त्यांना मोरीपाशी थांबलेलं मी कधी पाहिलं नाही. मानही वळायची नाही. जीपच्या स्टँडवर माणसं बोलायची ते मात्र घरी येऊन सांगायचे.

"आज एकजन म्हनला, चाचा, माझी म्हस लई अडती, तिला एक फुकट फ्रीव्हील बसव."

"मग तुमी काय म्हनला?"

"काय म्हनायचं? बरुबर हाय त्याचं."

हे कामाला गेले की मी पेटी ओढून काढायची. पावसात आमच्याकडे भिंतीला बुरशी येते, लोखंडाचं काय सांगावं. रॉकेल मिळेना झालं तेव्हा मशीनच्या तेलाने पुसायची. एकेक पाना, एकेक पट्टी, स्टँडचे स्क्रू. पुसून पुन्हा फडक्यात गुंडाळून जसंच्या तसं ठेवायची. यांना सांगितलं नाही. आपण उघडू तेव्हा हत्यारं तयार असली पाहिजेत, एवढंच मनात होतं.

पुढच्या वर्षी भात काढून झाल्यावर तो एकदा आला. टॅक्सीने, हातात काठी. बंद शेडमधल्या बाकड्यावर बसला. म्हातारबुवा तोवर वारले होते.

"चाचा, चूक माझी. मी नीट सांगायला हवं होतं. ताईला पैसे पाठवू नका आता."

यांनी ते ऐकलंच नाही. वर्षभर पोटात ठेवलेलं विचारलं. "मला येक सांगा. म्होरं येक चकती, मागं येक. मग ती आमच्यातली कशी न्हाई?"

त्याने काठीने मातीत दोन गोल काढले आणि त्यांना जोडणारी साखळी. "गिअर एकच असला की सिंगल स्पीड. तुमची काळी सायकल सिंगल स्पीडच आहे. पण तिच्यात फ्रीव्हील आहे, पाय थांबला तरी चाक फिरतं. माझ्या सायकलला गिअर एकच होता, पण चकती चाकाला पक्की. मध्ये सोडणारं काही नाही. चाक फिरलं की पाय फिरणार, पाय अडवला की चाक अडणार. तोच ब्रेक. बाहेरून बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात."

"म्हंजे कुत्री मेली नव्हती."

"नव्हतीच मुळात, चाचा."

हे मातीतल्या त्या गोलांकडे बघत राहिले. "मग उताराला पाय कुटं ठेवायचं?"

"ठेवायचे नाहीत. फिरवत राहायचे."

"मग मजा कशात हाय?"

"थांबता येत नाही, त्यातच."

मी चहा ठेवायला आत वळले. थांबता येत नाही यात मजा असते आणि लोक त्यासाठी पैसे मोजतात, हे मला पहिल्यांदा कळलं. चहात साखर दोनदा पडली.

जाताना तो म्हणाला, "दुकान उघडा ना पुन्हा."

"बगू. फिटल्यावर," हे म्हणाले.

मी बरोबर ऐकलं होतं. फिटल्यावर.

त्यानंतर तो चांद्याची खोली सोडून गावाकडे गेला. गुडघा पूर्ण वाकत नाही, घरूनच काम करतो, असं यांना फोनवर म्हणाला. आम्ही पाठवत राहिलो. त्यानेही परत कधी नको म्हटलं नाही. यांनी त्याला म्हणू दिलं नसतं.

यंदा पाऊस संपला तेव्हा थोडंच राहिलं होतं. मी मनात ठरवून टाकलं होतं, ईदच्या आत होईल. शेडचा पत्रा एका बाजूने उडाला आहे, तो आधी बसवून घ्यायचा. मग ट्यूब, सोल्युशन, दोन-चार टायर. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक नाही आलं तरी यांनी आमचीच काळी सायकल खोलून बसावं, असंही ठरवलं होतं.

रविवारी संध्याकाळी भाकऱ्या करून घरी आले. चपला काढताना खाटेखाली नजर गेली. पेटी नव्हती. फरशीवर तिच्या मापाचा चौकोन तेवढा स्वच्छ होता.

हे खाटेवर बसले होते. "फिटलं गं," म्हणाले.

"पेटी कुटं हाय?"

"भंगारवाल्याला दिली. सायकलीची हत्यारं कोन घेतंय आता? पर त्यानं चांगलं पैसं दिलं. म्हनला, चाचा, इतकं दीस पडून व्हती आनि गंजाचा ठिपका न्हाई, भंगारात घालवत न्हाई, गॅरेजवाल्याला इकतो. उरलं व्हतं तेवढं एका दमात फिटलं."

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. मी हात पदरात घेतले. बोटांना मशीनच्या तेलाचा वास असतो, असं मला उगाच वाटलं.

"तुमी म्हनला व्हता, फिटंस्तवर," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"व्हय. त्यापुढचं म्या काय म्हनलं व्हतं?"

काहीच म्हटलं नव्हतं. ते मीच जोडलं होतं.

मग म्हणाले, "चाक फिरवलं की त्यो आवाज येनार. मला न्हाई ऐकवायचा."

मी चुलीपाशी गेले. भूक दोघांनाही नव्हती, तरी तवा ठेवला. तेवढ्यात यांचा फोन वाजला. लातूरहून बहिणीचं लिहून आलं होतं. यांचा चष्मा सापडेना, म्हणून फोन माझ्याकडे दिला. मी एकेक अक्षर लावत वाचलं.

"पैसे मिळाले. सगळे मिळाले. आता तुमच्याकडे काही राहिलं नाही."

"परत वाच," हे म्हणाले.

मी परत वाचलं.